भागाकार मोडीत काढण्याची घाई

5 मार्च 2020 च्या रात्री अमेरिकेतील एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीवर एक हिशेब झळकला. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जाहिरातींवर 50 कोटी डॉलर उधळले होते. अमेरिकेची लोकसंख्या 32 कोटी 70 लाख. तेव्हा हेच पैसे वाटून टाकले असते तर प्रत्येक अमेरिकनाच्या हातात दहा लाख डॉलर पडले असते आणि वर जेवणापुरते उरलेही असते, असा तो हिशेब. समाजमाध्यमावरचा हा मजकूर निवेदक ब्रायन विल्यम्स यांनी कौतुकाने वाचून दाखवला. समोर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकीय मंडळातील पत्रकार बसल्या होत्या, त्यांनीही दुजोरा दिला. मजकूर पडद्यावर आला म्हणजे तो आधी कुणीतरी निवडला आणि कुणीतरी पडद्यासाठी तयार केला असणार. खरे उत्तर आहे माणशी साधारण दीड डॉलर. चूक साडेसहा लाख पटींची होती. त्याच कार्यक्रमात पुढे तिची दुरुस्ती झाली, पण तोवर हसे व्हायचे ते झाले.

त्या स्टुडिओत कॅल्क्युलेटरची वानवा नव्हती. खिशाखिशात फोन होते, टेबलाटेबलावर संगणक होते. तरी बटण कुणी दाबले नाही, कारण दाबावे असे कुणाला वाटलेच नाही.

'आता भागाकार शिकायचा कशाला?' या प्रश्नाची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. ती होते मात्र भलतीकडून.

आधी पूर्वपक्ष. भागाकाराचे विरोधक काही आळशी किंवा गणितद्वेष्टे नाहीत. अमेरिकेतील गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने 1989 मध्ये शालेय गणिताचे निकष जाहीर केले, तेव्हा ज्या गोष्टींवरचा भर कमी करावा असे सांगितले त्यांत कागदावरचा लांबलचक भागाकार होता. 1994 मध्ये स्टीव्हन लाइनवँड या गणितशिक्षण-तज्ज्ञाने पुढचे पाऊल टाकले. आकडेमोडीच्या या ठरीव रीती शाळेतून हद्दपारच कराव्यात, असे त्याने लिहिले. त्यानंतर पाच वर्षांनी अँथनी राल्स्टन या गणितज्ञाने कागद-पेन्सिलीचे सारेच अंकगणित रद्द करण्याची मागणी केली. त्यांचे मुद्दे तीन. एक, यंत्र प्रत्येकाजवळ आहे. दोन, भागाकाराची रीत ही समज नसलेली घोकंपट्टी आहे. मूल भाग घालते, वजा करते, पुढचा अंक खाली घेते, पण आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक नसते. तीन, या घाण्याला जुंपल्यामुळे मुले गणिताला कायमची घाबरतात.

यातला तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, हे आधीच मान्य करून टाकावे. सहा अंकी संख्येला चार अंकी संख्येने भागण्याची वीस उदाहरणे गृहपाठाला देण्यात शहाणपण नाही. त्यातून मिळते ती फक्त पाठदुखी.

भागाकाराच्या बाजूने बोलणारेही अनेकदा त्याचीच बाजू लंगडी करतात. 'परीक्षेत कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत म्हणून शिका' हा त्यातला सगळ्यात पोचट युक्तिवाद. उद्या परवानगी मिळाली की तो कोसळतो. दुसरा प्रकार चमत्काराचा. शकुंतलादेवींनी 1980 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार 28 सेकंदांत तोंडी सांगितला. ते अलौकिकच होते, पण किराणा भरणाऱ्या माणसाला त्याचा आदर्श घालून देणे म्हणजे चालायला शिकणाऱ्या मुलाला दोरीवरच्या कसरती दाखवणे. तिसरा प्रकार 'वैदिक गणिता'चा. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पश्चात 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातल्या काही क्लृप्त्या मजेदार आहेत. त्यांचा वेदांशी संबंध नाही, हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ एस. जी. दाणी यांनी सविस्तर दाखवून दिले आहे. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. दर उदाहरणाला नवी क्लृप्ती लागू लागली, की संख्येकडे बघण्याऐवजी मूल क्लृप्ती आठवत बसते. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

आता विरोधकांचा पहिला मुद्दा, यंत्र प्रत्येकाजवळ असल्याचा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने 2023 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयोगटाकडे पाहिले. घरात स्मार्टफोन असलेले आणि तो वापरता येणारे सुमारे 90 टक्के निघाले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने बरोबर भागू शकणारे 43.3 टक्के. विरोधक म्हणतील, 'मग बिघडले काय? फोन आहे ना!' बिघडते ते असे: फोन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. कशाला कशाने भागायचे हे तो सांगत नाही. एक शून्य जास्त पडले तर तो टोकत नाही. मुळात भागून बघायला हवे, ही शंका तर त्याला कधीच येत नाही. ती डोक्यातच यावी लागते, आणि संख्यांचा वावर जिथे असतो त्याच डोक्यात ती येते. '50 भागिले 33, म्हणजे दीडच्या आसपास' एवढे ज्याला क्षणात जाणवते, त्याच्यासमोर दहा लाखांचा आकडा आला की तो दचकतो. बाकीचे माना डोलावतात.

दुसरा मुद्दा घोकंपट्टीचा. इथे विरोधकांनी नेमके उलटे पाहिले आहे. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार उजवीकडून सुरू होतात आणि ठरल्या वाटेने जातात. तिथे अंदाज करावा लागत नाही. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या चार क्रियांत अंदाजावाचून पाऊल पुढे पडत नाही, अशी एकच क्रिया आहे, ती भागाकार. ती डावीकडून, म्हणजे संख्येच्या वजनदार बाजूने सुरू होते.

29 जणांच्या सहलीत चहा-नाश्त्याचे बिल 1,827 रुपये झाले. माणशी किती? 29 म्हणजे जवळपास 30. 182 मध्ये 30 सहा वेळा बसतात. सहा वेळा 29 म्हणजे 174, उरले 8. पुढचा 7 खाली घेतला, झाले 87. त्यात 29 तीन वेळा, बाकी शून्य. माणशी 63 रुपये. यात पाठ केलेले काय आहे? पाढा. बाकी सगळे चाचपणे आणि सावरणे. अंदाज जास्त झाला तर वजाबाकी होत नाही, कमी झाला तर बाकी भाजकापेक्षा मोठी राहते. पावलोपावली आपली चूक आपल्याला दाखवणारी ही रीत आहे.

ती घोकंपट्टी होते, हेही खरे. 612 ला 6 ने भागून मूल 12 लिहिते. मधले शून्य द्यायचे राहून जाते. पण यात दोष रीतीचा की शिकवण्याचा? 'सहाशेत सहा शंभर वेळा जातात, मग उत्तर शंभराच्या खाली येईलच कसे?' हा प्रश्न भाग घालायच्या आधी विचारला, तर ते शून्य कधी हरवत नाही. औषध चुकीच्या वेळी दिले म्हणून औषधालाच नावे ठेवायची नसतात.

आणि ज्या यंत्रावर सगळा भार टाकायचा, ते भागाकार करते तरी कसे? ही हकिगत मोठी गमतीची आहे. 1994 साली अमेरिकेत व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. इंटेल कंपनीच्या नव्या पेंटियम प्रोसेसरवर काढलेली उत्तरे इतर संगणकांच्या उत्तरांशी जुळेनात. नाइसलींनी महिनोन्महिने एकेक शक्यता बाद करत अखेर दोष हुडकला. प्रोसेसरला भागाकारच चुकीचा येत होता. 41,95,835 ला 31,45,727 ने भागले की उत्तर 1.33382 यायला हवे; पेंटियम 1.33374 देत असे. त्या उत्तराला पुन्हा भाजकाने गुणून ताळा पाहिला, तर मूळ संख्येला 256 कमी पडत.

कारण ऐकून पूर्वीच्या काळातले गुरुजी खूश झाले असते. पेंटियम भागाकार करायचा तो पाचवीतल्या मुलाच्याच चालीने: भाजकाचे आणि बाकीचे पहिले काही अंक बघायचे, भाग किती जाईल याचा अंदाज एका तयार कोष्टकातून उचलायचा, वजा करायचे, पुढे जायचे. अंदाज थोडा हुकला तर पुढच्या पायरीला उणे अंक घेऊन सावरायचे. त्या कोष्टकात हजारावर नोंदी होत्या आणि त्यातल्या पाच भरायच्या राहून गेल्या होत्या. सरळ मराठीत सांगायचे तर पेंटियमचा पाढा कच्चा होता. सदोष प्रोसेसर बदलून देण्यापायी इंटेलला 47.5 कोटी डॉलरची तोशीस पडली.

म्हणजे भागाकार मोडीत निघालेला नाही, तो सिलिकॉनच्या चकतीवर जाऊन बसला आहे. तिथे तो चुकतो तेव्हा त्याला पकडायला ताळा करणारा माणूसच लागतो.

ही झाली खंडनाची बाजू. भागाकार हवा, तर कोणता हवा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही.

भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 ची. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लीलावतीत भागाकाराची नेहमीची रीत दिली आहेच, पण लगेच दुसरी सवलतही दिली आहे: भाज्य आणि भाजक या दोघांना एकाच संख्येने भाग जात असेल तर आधी तो घालून दोघांना लहान करून घ्यावे आणि मग भागावे. त्यांचे उदाहरण 1,620 भागिले 12. दोघांना चाराने छोटे केले की राहतात 405 आणि 3. उत्तर 135, कागदावाचून. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या सल्ल्यात तोंडी भागाकाराचे निम्मे मर्म आले: आधी संख्या न्याहाळा, मग हात घाला.

उरलेले निम्मे मर्म अंकलिपीत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आज विनोदाचा विषय झाले आहेत. पण रुपयाचे आणे 16 आणि मणाचे शेर 40 होते, तेव्हा त्यांच्यावर बाजार चालत असे. मणाचा भाव रुपयांत घ्यावा, अडीचने भागावा, की शेराचा भाव आण्यांत तयार. धान्य 20 रुपये मण असेल तर अडीचकीत 20 कुठे येतात ते आठवायचे. आठव्या घरात. म्हणून आठ आणे शेर. पाढा उलट्या बाजूने वाचला की भागाकार होतो, ही साधी गोष्ट त्या पिढीच्या अंगवळणी पडली होती. 1957 साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि औटकीची गरज सरली. ती परत आणा असे कुणी म्हणू नये. पाढा उलटा वाचण्याची सवय मात्र तिच्याबरोबर अडगळीत टाकायला नको होती.

तिचा उपयोग रोजचे वर्तमानपत्र वाचतानाही होतो. 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात 'माझी लाडकी बहीण' योजना आली: महिन्याला 1,500 रुपये आणि वर्षाला 46,000 कोटींची तरतूद. एका बहिणीचे वर्षाचे 18,000. दोन्हीकडची तीन-तीन शून्ये पुसली की उरते 46 कोटी भागिले 18. अठरा दुणे छत्तीस, उरले दहा. म्हणजे अडीच कोटींहून किंचित जास्त महिला. योजना कुणाला आवडो न आवडो, तिचा आवाका एका ओळीत हाती आला. सरकारी घोषणेतला कोटींचा आकडा माणशी किती पडतो हे ज्याला काढता येत नाही, त्याला 500 कोटी आणि 50,000 कोटी सारखेच भव्य वाटतात.

शिवाय बाकी. कॅल्क्युलेटर दशांश अपूर्णांकांचे शेपूट देतो, बाकी देत नाही, आणि पुष्कळदा हवी असते ती बाकीच. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता. 75 वर्षांनी कोणता वार आला? 365 ला 7 ने भागले की बाकी 1, म्हणून दर वर्षी वार एकाने सरकतो. मधल्या 19 लीप वर्षांनी तो आणखी 19 ने सरकला. एकूण 94. त्यातून सातांचे गट काढले की उरतात 3. शुक्रवारनंतर तिसरा, सोमवार. 15 ऑगस्ट 2022 ला सोमवारच होता.

तेव्हा शाळेत काय राहावे? एक आणि दोन अंकी भाजकांचे भागाकार राहावेत, पण थोडे आणि सावकाश. दर उदाहरणाआधी तोंडी अंदाज, नंतर ताळा. हे हातात बसले की कॅल्क्युलेटर खुशाल द्यावा, आणि त्याच्या उत्तराचाही अंदाजाशी मेळ घालायला लावावा. इंग्लंडने वर्गात कॅल्क्युलेटर बरीच वर्षे वापरून पाहिला आणि 2014 पासून अकरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय गणित चाचणीतून तो काढून टाकला. त्या देशाला यंत्राचे वावडे आहे असे कुणी म्हणणार नाही.

ज्यांना अजूनही हा सगळा शाळेपुरता वाद वाटतो, त्यांनी एखाद्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात थोडा वेळ थांबावे. डॉक्टर लिहून जातात: 500 मिलिलिटर सलाईन, चार तासांत. म्हणजे तासाला 125. नेहमीच्या नळीतून एका मिलिलिटरचे 20 थेंब पडतात आणि तासाची मिनिटे 60, म्हणून सिस्टर 125 ला सरळ तीनने भागतात: मिनिटाला 42 थेंब. पूर्ण मिनिटभर मोजत बसायला वेळ नसतो, तेव्हा पुन्हा चारने भाग, पाव मिनिटाला दहा-अकरा. सिस्टर घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत थेंब मोजतात, नळीवरची चकती अंगठ्याने किंचित मागे घेतात, पुन्हा मोजतात आणि पुढच्या खाटेकडे जातात.