पाण्याचा कूलर असूनही कॉम्प्युटर का तापतो?

पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी चांगला कॉम्प्युटर घेतला, त्यात पाण्याचा कूलर बसवला, म्हणजे आता तो तापणार नाही, असा अनेक घरांत समज असतो. मग उन्हाळ्यात स्क्रीनवर प्रोसेसरचे तापमान ९५ अंश दिसते, पंखे घोंघावू लागतात आणि घरात वाद सुरू होतो. अब्बा म्हणतात, "एवढे पैसे कशाला घातले?" मुलगा म्हणतो, "याहून मोठा कूलर आणू." आमचे दोघांनाही सांगणे एकच: उष्णता कुठे अडते ते आधी शोधा, मग खर्चाचे बघा.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसवलेली असते. तिच्यातून वाहणारा द्रव तापतो, छोटा पंप तो नळीतून रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथले पंखे ती उष्णता खोलीच्या हवेत सोडतात. म्हणजे हा द्रव खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली २५ ऐवजी ३७ अंशांवर असेल, तर त्याच कामाला प्रोसेसरही साधारण १२ अंशांनी जास्त तापणार. यात कूलरचा दोष नाही.

घाबरायचे कधी? इंटेलच्या कोअर आय७-१३७००के या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरची ९५ अंश आहे आणि त्यांतले मोठे प्रोसेसर जड कामात तिथपर्यंत जातील अशीच त्यांची रचना आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा व्हिडिओ एडिटिंग करताना ८५ अंश दिसले तर काळजी नको. पण काहीच काम चालू नसताना ७०-८० अंश दिसत असतील, तर कुठेतरी बिघाड आहे.

आमची एक माजी विद्यार्थिनी घरी बसून लग्नाच्या फिल्म एडिट करते. घरखर्चाला तिचा मोठा हातभार असतो. ऐन सीझनमध्ये तिचा कॉम्प्युटर रखडू लागला. दुकानदाराने कूलर आणि प्रोसेसर दोन्ही बदलायला सांगितले. ऑर्डर हातातून जाणार, वर कर्ज काढावे लागणार, असा पेच होता. प्रत्यक्षात पंप ठीक होता. रेडिएटरवर गोधडीसारखी धूळ बसली होती आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात भिंतीला टेकवलेले होते. साफसफाई केली, कॅबिनेट बाहेर मोकळ्यावर ठेवले आणि काम पूर्ववत सुरू झाले.

म्हणून तपासणी या क्रमाने करा.

पहिले, पंप. बायोसमध्ये पंपाचा वेग दिसतो. तो शून्य असेल तर वायर नीट बसली आहे का ते पाहा. काही वेळ काम चालल्यावर दोन्ही नळ्यांना हात लावा. एक चटका देणारी आणि दुसरी थंडगार असेल, तर द्रव फिरत नाही असे समजा.

दुसरे, धूळ. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअरने रेडिएटर साफ करा. कॅबिनेटच्या चारही बाजूंना हवेला वाट हवी.

तिसरे, जोडणी. पट्टीखालचे प्लास्टिक काढायचे राहून गेले आहे का, स्क्रू सारखे आवळले आहेत का, पेस्ट वाळली आहे का, हे पाहावे. पट्टी काढली तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. पंप रेडिएटरपेक्षा वर असेल तर त्यात हवा साठते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणे उत्तम.

चौथे, विजेची मर्यादा. हे फुकटचे औषध आहे. कोअर आय९-१३९००केची मूळ मर्यादा १२५ वॅट, तर कमाल २५३ वॅट आहे. पण काही मदरबोर्ड ही मर्यादाच उठवून ठेवतात. बायोसमध्ये ती पुन्हा घाला. रायझनसाठी 'इको मोड' असतो. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच कमी होते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करायलाच हवे. जास्त व्होल्टेजमुळे होणाऱ्या बिघाडावर २०२४ मध्ये इंटेलने दुरुस्ती दिली आणि त्यातल्या अनेक प्रोसेसरची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

सीलबंद कूलर उघडून त्यात नळाचे पाणी मात्र कधीही भरू नका. त्यातला द्रव गंजरोधक असतो आणि सील तोडले की वॉरंटीही जाते. गळती दिसली तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा.

मुलामुलींना एक वही घालून द्या. तारीख, खोलीचे तापमान, रिकामे असतानाचे आणि जड कामातले प्रोसेसरचे तापमान महिन्यातून एकदा लिहायला सांगा. एवढे करूनही आकडे चढतच राहिले, तर वॉरंटीचे बिल आणि ती वही घेऊन दुकानात जा. मग काय बदलायला हवे, हे दुकानदाराला तुम्ही विचारू शकाल.