कोंडी कोणाची?

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाल्यानंतर भारत सरकारने पाकिस्तानविरुद्ध जी पावले उचलली, त्यांना देशात जवळजवळ एकमुखी पाठिंबा मिळाला. सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला, अटारीची सीमाचौकी बंद झाली, २ मे रोजी पाकिस्तानी मालाच्या आयातीवर पूर्ण बंदी आली. पाठोपाठ ९ मे रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला, तेव्हा भारताचा प्रतिनिधी मतदानापासून अलिप्त राहिला. कोंडी करायची, जगालाही ती करावयास सांगायचे, जगाने ऐकले नाही तर निषेध नोंदवून थांबायचे, असे हे धोरण आहे. दहशतवाद्यांना आश्रय देणाऱ्या राज्ययंत्रणेची गय करावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु आर्थिक कोंडी हे शस्त्र कोणाला लागते, हा प्रश्न विचारणे म्हणजे शत्रूची बाजू घेणे नव्हे. महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्यांना हा प्रश्न नवाही नाही. गोव्याच्या प्रश्नात त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे.

१९५४ साली दादरा-नगरहवेली मुक्त झाल्यावर गोवा, दमण आणि दीव एवढाच पोर्तुगालचा मुलूख भारतात उरला. सालाझारची हुकूमशाही वाटाघाटीस तयार नव्हती आणि तिच्या पाठीशी नाटोचे कवच होते. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. बापटांचे वय त्या वेळी चौऱ्याहत्तर होते. १५ ऑगस्टच्या सामुदायिक सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली. गोरे, मधु लिमये आदींना प्रदीर्घ शिक्षा झाल्या. १९५७ साली त्यांची सुटका झाली.

या बलिदानावर दिल्लीचे उत्तर काय होते? सरकारने गोव्याकडे जाणारी रेल्वे थांबवली, पणजीतील वकिलात बंद केली, व्यापार आणि पैशांची ये-जा यांवर निर्बंध आवळले. त्याच वेळी सप्टेंबर १९५५ मध्ये सत्याग्रहींना सीमा ओलांडण्यास मनाई केली. लष्करी कारवाई नको आणि लोकांची चळवळही नको. या दोन नकारांच्या मधली रिकामी जागा नाकेबंदीने भरण्यात आली. नेहरूंच्या अडचणी खऱ्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. पाश्चात्त्य राष्ट्रांचे दडपण होते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्यांसमवेत काढलेल्या पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा ‘प्रांत’ या अर्थाने झाला होता. पण अडचण खरी असली म्हणून उपाय योग्य ठरत नाही.

मुरगावचे बंदर उघडे होते. घाटावरून येणारा भाजीपाला आणि धान्य बंद झाले, तेव्हा पोर्तुगिजांनी बाहेरच्या देशांतून माल आणला; कराचीशी विमानवाहतूक सुरू केली. लोखंड आणि मँगनीजच्या खनिजाला जपान व पश्चिम जर्मनीत गिऱ्हाईक होते. ज्या वर्षांत सालाझारच्या राजवटीचा श्वास कोंडला जावा अशी अपेक्षा होती, त्याच वर्षांत गोव्यातील खाणी भरभराटीस आल्या. खाणमालक सधन झाले आणि चोरट्या व्यापाराला बरकत आली. झळ लागली ती मुंबईतल्या कुडांत राहून बोटीवर वा स्वयंपाकघरात राबणाऱ्या गोवेकराला. गावी आईच्या हाती पडणारा त्याचा पैसा अडला. झळ लागली ती सावंतवाडीच्या सीमेवरील अशा कुटुंबांना, ज्यांची लेक सीमेपलीकडे दिली होती. पोर्तुगीज सत्ता नाकेबंदीने गेली नाही. ती गेली डिसेंबर १९६१ मध्ये, सैन्य शिरल्यावर, दोन दिवसांत. मधली सहा वर्षे गोव्याच्या सामान्य माणसाने भरलेला दंडच म्हणावा लागेल.

सत्याग्रह आणि नाकेबंदी यांतला फरक येथे स्पष्ट होतो. दोन्ही मार्ग प्रतिपक्षावर दडपण आणतात. परंतु सत्याग्रही त्या दडपणाची किंमत आपल्या देहाने मोजतो. नाकेबंदी करणारे सरकार ती दुसऱ्याच्या, बहुधा सर्वांत दुबळ्याच्या, खात्यावर मांडते. म्हणून निर्बंध नेहमीच त्याज्य ठरतात असे नाही. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो योग्यच होता. ज्यांच्यासाठी तो तोडला, त्या वर्णद्वेषाच्या बळींनी पुढे जगाकडे स्वतःच बहिष्काराची मागणी केली. पीडित जनता मागते ते निर्बंध आणि पीडित जनतेवर लादले जातात ते निर्बंध यांना एकाच नावाने ओळखणे ही फसगत आहे.

दिल्लीने या बाबतीत सुसंगती दाखवलेली नाही. केवळ संयुक्त राष्ट्रांचेच निर्बंध भारत मानतो, असे २०१८ साली जाहीर झाले; २०१९ साली अमेरिकेच्या एकतर्फी निर्बंधांपुढे मान तुकवून इराणचे तेल घेणे थांबले. तत्त्व बलवानापुढे वाकते आणि शेजाऱ्यापुढे ताठ होते, अशा तत्त्वाला जग फारसे मोल देत नाही. नाणेनिधीच्या बैठकीत भारत एकाकी पडला, याचे एक कारण येथेही शोधले पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक निर्बंधास तीन प्रश्न विचारावेत. तो सेनापतींच्या शस्त्रखरेदीवर आणि दहशतवादाच्या पैशावर पडतो की शेतकऱ्याच्या पाण्यावर व रुग्णाच्या औषधावर? आपल्याच देशात त्याची झळ सोसणाऱ्यांची, अटारीच्या हमालांची आणि ट्रकचालकांची, भरपाई कोण करणार? आणि काय घडले म्हणजे तो उठेल? ज्या निर्बंधाला शेवटाची अट नाही, तो धोरण नसून केवळ राग आहे.

दहशतवादाच्या पैशाची वाट अडवणारी आंतरराष्ट्रीय देखरेख या कसोटीला उतरते. २०१८ ते २०२२ पाकिस्तान करड्या यादीत होता, त्याला नेमक्या अटी होत्या. सिंधूचे पाणी उतरत नाही. ते लगेच अडवण्याइतके साठे भारताजवळ नाहीत, आणि उद्या उभे राहिलेच तर कोरडे पडेल ते सिंधमधील कुळाचे शेत, रावळपिंडीतील सेनापतीचा बंगला नव्हे.

पाणी वळवले म्हणजे काय होते, हे मुळशीला शिकवावे लागत नाही. पौडवरून माले गाठून ताम्हिणीकडे निघावे, म्हणजे ते धरण भेटते, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि ज्याने बापटांना ‘सेनापती’ केले. त्या लढ्याचा मार्ग पुढे शुद्ध राहिला नाही, बापट रेल्वे अडवण्यापर्यंत गेले, हे लपवण्याचे कारण नाही. धरण झालेच. भीमेच्या खोऱ्यातील पाणी सह्याद्रीपार भिऱ्याला उतरले, मुंबईला वीज मिळाली आणि किंमत मोजली ती ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी. तोच बापट चौतीस वर्षांनी गोव्याच्या सीमेवर उभा राहिला, तो दुसऱ्याची भाकर अडवण्यासाठी नव्हे, तर स्वतः लाठी खाण्यासाठी. माल्याचा शेतकरी आणि सिंधचा कुळ एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघांच्या पाण्याचा निर्णय दूरच्या राजधानीत होतो. समाजवादाला हे नाते ओळखता आले पाहिजे. राष्ट्राचे रक्षण अवश्य करावे. त्याचा भार मात्र ज्याच्या हाती ना सत्ता ना शस्त्र, अशा माणसाच्या शिरावर टाकू नये.