वर्डस्टार चालतं, मराठीचं काय?

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्या लिनक्सवर मी वर्डस्टार, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा लिहिण्याचा प्रोग्रॅम, चालवतो. हे ऐकून आमच्या विंझर गावातली पोरं हसतात. "काका, मोबाईलवर नुसतं बोललं तरी टाईप होतंय की!" होतंय, मी कुठे नाही म्हणतो. पण पुण्यात कोर्टाबाहेरच्या टेबलावर इंग्रजी ड्राफ्ट, प्रतिज्ञापत्रं आणि नोटिसा बडवण्यात माझी उमर गेली आणि हात बसला तो वर्डस्टारवर. कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. परिच्छेद उचलायचा तर के-बी, के-के आणि हवा तिथे जाऊन के-व्ही. माऊस नाही, वर रंगीबेरंगी बटणांची पट्टी नाही. पक्षकार बोलतोय आणि बोटं चालतायत, नजर त्याच्या तोंडाकडे.

यात अवघड काही नाही. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम लिनक्सवर घ्यायचा. मुळात तो जुने गेम खेळता यावेत म्हणून केलेला, पण आपल्यालाही चालतो. एक फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माऊंट करायचं, डब्ल्यूएस टाईप करून एन्टर मारायचा, झालं. फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवायचं आणि पुढे तीन. लिनक्सच्या सेटिंगमधून कॅप्स लॉकला कंट्रोलचं काम देऊन टाका. जुन्या कीबोर्डांवर कंट्रोल तिथेच असायचं, करंगळीला बरं पडतं. आणि कंट्रोल-एफ नऊच्या वाटेला जाऊ नका. डॉसबॉक्स काहीएक न विचारता बंद होतो आणि लिहिलेलं घेऊन जातो. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, त्यामुळे दर दोन ओळींनी के-एस दाबायची खोड आहे, ती इथेही कामी येते.

हा म्हातारचळ माझ्या एकट्याचा नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' ज्यांच्या कादंबऱ्यांवरून निघालं ते जॉर्ज मार्टिन वर्डस्टार ४.० वर लिहितात, तेही इंटरनेट नसलेल्या डॉसच्या मशीनवर. कॅनडाचे विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी तर १९९२ चं वर्डस्टार ७, पुस्तिकांसकट, २०२४ मध्ये सगळ्यांना उतरवून घेता येईल असं मांडून ठेवलं. कंपनी विकली जात जात कुठच्या कुठे गेली, पण इंग्रजीवाल्यांचं काही अडलं नाही. जुन्या वर्डस्टारच्या फाइली दुसरीकडे उघडल्या की शब्दाचं शेवटचं अक्षर चमत्कारिक दिसतं, कारण त्या अक्षराचा आठवा बिट वर्डस्टार स्वतःच्या कामाला वापरायचं. एवढं कळलं की फाइल साफ करायला दोन मिनिटं लागतात.

मराठीकडे या. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झालं आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ते जिस्ट कार्डाच्या रूपाने सगळीकडे पोचवलं. पीसी उघडायचा, कार्ड स्लॉटमध्ये खोचायचं, की डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी नावं दिसायला लागायची. त्या काळात ही गोष्ट आपल्या पुण्यात झाली, याचा अभिमान फार कमी जणांना आहे. पण डॉसबॉक्स हुबेहूब जुना पीसी उभा करतो, ते कार्ड काही उभं करत नाही.

माझा एक चुलतभाऊ मास्तर होता. आमच्या भागातल्या, म्हणजे गुंजण मावळातल्या खाचरांची, माळांची, ओढ्यांची नावं त्याने गोळा केली होती. म्हातारी माणसं गेली की ही नावंही जाणार, हे त्याला कळत होतं, कारण सातबाऱ्यावर बहुधा नुसता गट नंबरच सापडतो. त्याच्या मागे दोन फ्लॉप्या राहिल्या. पहिलीतली फाइल डॉसमध्ये उघडली तर पडदाभर रेषा आणि कोपरे. मग लिनक्समध्ये एकेक बाइट छापून पाहिला: २०७, २१८, १८६, १८१, १९१. ही इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत. र, काना, ज, ग, ड. राजगड! १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेला तक्ता समोर होता, म्हणून ते वाचता आलं. युनिकोडमधल्या देवनागरीचा क्रमही १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे, त्यामुळे आयसीयू नावाच्या सॉफ्टवेअर-संचातल्या मोफत साधनाने अख्खी फाइल एका आज्ञेत बदलून झाली.

दुसरी फ्लॉपी पुढच्या, विंडोजच्या काळातली. ती कुठल्याशा फॉन्टमध्ये केलेली. अशा फाइलीत अक्षर नसतंच, त्या फॉन्टमधल्या चित्राचा क्रमांक असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार भलतीकडे, जोडाक्षराचे तुकडे वेगळे. नेमका तो फॉन्ट आणि त्याचा तक्ता हाती आला तर ठीक, नाहीतर ती कुलूप लावलेली पेटी, आणि किल्ली करणारा धंदा गुंडाळून गेलेला.

म्हणून माझं म्हणणं आहे की ज्या ज्या मराठी सॉफ्टवेअरला सरकारी पैसा लागला, त्याच्या जुन्या डॉस आवृत्त्या, पुस्तिका आणि अक्षरांचे तक्ते कुणालाही परवानगीसकट उतरवून घेता यावेत. जिस्ट कार्डाचं काम कसं चालायचं ते कागद खुले केले, तर डॉसबॉक्समध्ये ते कार्ड उभं करणारं एखादं पोरगं याच महाराष्ट्रात निघेल. खाजगी फॉन्टवाल्यांनी सॉफ्टवेअर नाही दिलं तरी निदान तक्ते द्यावेत. जो माल आता विकतच नाही, त्याचा तक्ता झाकून कुणाचं भलं होणार? "प्रिंट आहे ना, स्कॅन करा" असं सांगणाऱ्यांनी डॉट मॅट्रिक्सवरची फिकट मराठी एकदा मशीनकडून वाचून घ्यावी.

वेळेत हालचाल झाली तर काय होतं ते पाहा. हेमा राईरकर आणि गी पोइत्वाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्यांपैकी कितीतरी आज इंटरनेटवर ऐकता-वाचता येतात, कारण कागदावरून, टेपवरून त्या पुढच्या साधनावर आणणारी माणसं वेळेत मिळाली. प्रत्येक मास्तराला अशी माणसं कुठून मिळणार?

मी स्वतः मराठी वर्डस्टारमध्ये लिहीत नाही. ते लिब्रेऑफिसमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. हा कीबोर्डही जिस्टच्याच काळातला आणि अजून तोच. 'दऱ्या' लिहायचं तर ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. तेव्हाही हेच, आजही हेच. एक गोष्ट खुली आणि ठरलेली ठेवली की काय होतं, ते माझ्या बोटांना विचारा.

दुसऱ्या फ्लॉपीतला मजकूर मी अक्षर-अक्षर जुळवत बसलोय. निम्मं लागलं, ओढ्यांची नावं राहिलीत. कुणाकडे घरात अशा फ्लॉप्या असतील तर आधी त्यांची नक्कल करून घ्या, वाचायचं नंतर बघू. साडेतीन इंचीला यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंची असेल, तर जुना पीसी कुणाच्या तरी माळ्यावर शोधावा लागेल.