डावीकडचे स्टिअरिंग

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो खरे. पण हौसेची वस्तू विकणाऱ्याला ही म्हण ठाऊक नसते. तो मोल बरोबर लावतो!

जबलपूरला थोरल्या बहिणीकडे गेले होते. तिच्या सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन होते. आदल्या दिवशी आम्ही दोघी रुप्याचे निरांजन घ्यायला बडा फुहाऱ्यावर गेलो. एकीकडे त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारे कमानिया गेट, दुसरीकडे सराफा, आणि मधे साड्या, बांगड्या, सायकल-रिक्षा यांची नुसती दाटी. सराफाने निरांजन तराजूत टाकले, वजन सांगितले, त्या दिवशीचा भाव सांगितला, घडणावळ वेगळी धरली. दोन मिनिटांत हिशेब संपला.

घरी आलो तर ओसरीवर दुसराच हिशेब चालला होता, आणि तो काही केल्या संपत नव्हता.

माझा भाचा आणि त्याचा मित्र, दोघेही छोट्या मोटारींचे शौकीन. कपाटभर गाड्या जमवल्या आहेत दोघांनी. त्यातही सिनेमात गाजलेल्या गाड्यांच्या प्रतिकृतींवर त्यांचा विशेष जीव. वाद नेहमीचाच होता. भाचा म्हणत होता, "गाडी किती निघाल्या ते बघायचं. पाचशेच काढल्या असतील तर भाव चढणारच." मित्र म्हणत होता, "अरे, पाच काढल्या तरी चुकीची ती चुकीचीच! आधी पट्टी लावून बघ, मग पैसे काढ."

पट्टी म्हणजे खरोखरीची पट्टी बरे का! या गाड्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या असतात. खोक्यावर 1:43 लिहिले असेल, तर मूळ गाडीच्या त्रेचाळीसावा भाग. जेम्स बाँडची ती प्रसिद्ध अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-5 साधारण 4.57 मीटर लांब. म्हणजे 1:43 मध्ये ती साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे आणि 1:18 मध्ये पंचवीस सेंटिमीटरहून थोडी जास्त. मग चाकांतले अंतर, दिव्यांची ठेवण, नंबरप्लेट, रंग. हे शौकीन भिंगातून बघतात.

सोनेरी की रुपेरी?

पण वाचकहो, गंमत अशी की या साऱ्या छंदातली सर्वांत लाडकी गाडीच मुळात चुकीची आहे. 'गोल्डफिंगर' हा बाँडपट 1964 साली आला. त्यातली गाडी रुपेरी. 1965 साली ब्रिटनच्या कॉर्गी टॉइजने 261 क्रमांकाची खेळण्यातली बाँडची गाडी काढली, ती मात्र चक्क सोनेरी! रुपेरी रंग दिला तर गाडी रंगवायचीच राहून गेली असे वाटेल, म्हणून हा रंग दिला असे सांगतात. साचाही नवा नव्हता. आधीच्या डीबी-4 गाडीचा साचा थोडा बदलून वापरला होता. पण कळ दाबली की छत उघडून आतला माणूस बाहेर उडायचा, पुढून बंदुका निघायच्या, मागे पोलादी ढाल उभी राहायची. किंमत 9 शिलिंग 11 पेन्स. गाडी लाखोंनी खपली. पुढे 1968 साली कंपनीने रुपेरी गाडीही आणली. तरी सोनेरीची आठवण पुसली नाही. आज मूळ खोक्यासकट चांगल्या स्थितीतली सोनेरी गाडी शेकडो पौंडांना जाते.

मोठ्या माणसांच्या मोठ्या खेळण्यांचीही तीच तऱ्हा. 2018 साली अ‍ॅस्टन मार्टिन कंपनीने बाँडच्या गाडीच्या हुबेहूब, पूर्ण आकाराच्या पंचवीस प्रतिकृती ग्राहकांसाठी करायचे जाहीर केले. फिरणारी नंबरप्लेट, धुराचा पडदा, सारे काही. एकेकीची किंमत साडेसत्तावीस लाख पौंड, कर वेगळा. आणि ही गाडी रस्त्यावर चालवायला मात्र परवानगी नाही! 2019 साली अमेरिकेत एका लिलावात बाँडची म्हणून एक डीबी-5 त्रेसष्ट लाख डॉलरच्या वर गेली. ती 'थंडरबॉल'च्या प्रसिद्धीसाठी सजवलेली होती. पडद्यावर कधी दिसलीच नव्हती. आता बोला!

आपल्याकडेही काही निराळे नाही. ब्रिटनच्या डिंकी टॉइजचे वापरलेले साचे एकेकाळी कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या. साचे झिजलेले, कडा ओबडधोबड. पण आज त्याच गाड्या परदेशातले शौकीन शोधत फिरतात.

मी हे सारे ऐकून म्हटले, "म्हणजे चूक असली तरी चालते तर!"

मित्र हसला. "मावशी, कॉर्गीनं सोनेरी गाडी सोनेरी म्हणूनच विकली. ते खोटं नव्हे. पितळेला सोनं म्हणून विकलं की ते खोटं."

आजोबांची भेट

संध्याकाळी भाच्याने कागदात गुंडाळलेला एक खोका आजोबांपुढे ठेवला. सहस्रचंद्रदर्शनाची खास भेट. आजोबा 1969 साली, व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली त्याच वर्षी तिथे लागले आणि 2004 साली तिथूनच निवृत्त झाले. शक्तिमान ट्रक आणि जोंगा, यांतच सारी उमर गेली. 'जोंगा' हे नावही जबलपूरचेच. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली यातल्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते तयार झाले. गाडी मूळ जपानच्या निसान पेट्रोलवर बेतलेली. पण सैन्यासाठी घडली ती या गावात. 1999 साली तिचे उत्पादन थांबले, तेव्हा आजोबा दोन दिवस धड जेवले नव्हते, असे बहीण सांगते.

खोक्यावर ऐटीत लिहिले होते : 'युद्धपटातील जोंगा, मर्यादित आवृत्ती.' तळाला क्रमांक कोरलेला. सोबत प्रमाणपत्र. किंमत साडेनऊ हजार! सूनबाईने डोळे मोठे केले. मिक्सर दुरुस्तीला टाकून नवा घ्यायचे लांबवले होते, त्याचे कारण तिला आता कळले.

आजोबांनी गाडी तळहातावर घेतली. चष्मा सरसावला. तेवढ्यात मित्र अनवधानाने बोलून गेला, "अरे, हिचं स्टिअरिंग डावीकडे आहे!"

सगळे गप्प झाले. खरेच, स्टिअरिंग डावीकडे होते. कोण्या परदेशी गाडीच्या प्रतिकृतीला हिरवा रंग फासून 'जोंगा' हे नाव चिकटवले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! भाच्याचा चेहरा उतरला. त्याने तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावला. उत्तर मिळाले, मर्यादित आवृत्तीचा माल परत घेतला जात नाही.

आजोबा काही वेळ गाडी फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं नोकरी केली. एकही गाडी डाव्या स्टिअरिंगची बाहेर पडू दिली नाही रे. बारीक पेचकस आहे का कुणाकडे?"

"आजोबा, उघडू नका!" भाचा कळवळला. "उघडली की मर्यादित आवृत्तीची किंमत गेली. कोणी हजारालासुद्धा घेणार नाही."

"विकायची कोणाला आहे?" आजोबा शांतपणे म्हणाले.

मग काय विचारता! मित्राने घड्याळजीचा पेचकस आणला. वर्तमानपत्र अंथरले. तळाचे चार स्क्रू निघाले. रात्री अकरापर्यंत आजोबा सांगत होते आणि दोघे करत होते. स्टिअरिंग उजवीकडे आले, जुने भोक बुजवले, वर रंगाचा ठिपका दिला. मधेच आजोबा एखादी आठवण सांगत, हात थांबत, पुन्हा चालू होत. नातवाने आजोबांच्या नोकरीबद्दल इतके प्रश्न याआधी कधी विचारले नव्हते.

खरेदीआधी

छंद जरूर असावा. पण खरेदी करताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांनी वस्तू दुर्मीळ होते, खरी होत नाही. पैसे देण्याआधी मूळ गाडीचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे. परत घेण्याची अट लेखी विचारावी. पुढे भाव येईल या आशेवर घरखर्चातून पैसे काढू नयेत. भाव येतो तो थोड्याच गाड्यांना, आणि तोही घेणारा भेटला तर. आणि सर्वांत महत्त्वाचे, किंमत घरच्यांपासून लपवू नये.

दुसऱ्या दिवशी समारंभाला रुप्याचे निरांजन ओवाळले गेले. पाटाशेजारी ती हिरवी गाडी होती. येणारा-जाणारा विचारी, "केवढ्याची?"

आजोबा म्हणत, "ते नातवाला विचारा. स्टिअरिंग कुठं आहे ते मला विचारा."

नवा मिक्सर मात्र पुढच्याच आठवड्यात आला. भाच्याने कपाटातल्या दोन गाड्या मित्राला विकल्या, तेव्हा!