मैत्रिणीचा वाटा

कोर्समेटच्या लग्नासाठी रजा मागायला गेलेल्या तरुण अधिकाऱ्याला "सख्खं कोण आहे?" हा प्रश्न अजूनही ऐकावा लागतो. मीही ऐकला आहे. आता रजेच्या अर्जावर सही करायची पाळी माझी आहे आणि मी तो विचारत नाही. आम्हा अधिकाऱ्यांना वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि २० दिवस सीएल. त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलांच्या परीक्षा, गावाकडची जमिनीची मोजणी, सगळं बसवायचं. मैत्रिणीचं लग्न साहजिकच तळाला जातं, कारण आपल्या हिशेबात मैत्रीण म्हणजे पाहुणी. आली, जेवली, आहेर दिला, फोटो काढला, गेली.

माझं म्हणणं असं, की लग्नात मैत्रिणीला काम असतं, आणि ते सख्ख्यांना जमेलच असं नाही.

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत माझ्या शेजारच्या खोलीत एक मिझो मुलगी होती. मी सातारची, ती ऐझॉलची. तिला हिंदी माझ्याइतकंच वाईट येत होतं, त्यामुळे उस्तादांच्या शिव्या आम्ही दोघींनी मिळून समजून घेतल्या. एका रूट मार्चला माझी टाच सोलून निघाली, तेव्हा शेवटचे काही किलोमीटर माझी रायफल तिच्या खांद्यावर होती. अशा गोष्टींची नोंद कुठल्याच कागदात होत नाही. फौजेचे फॉर्म नातेवाइकांची नावं विचारतात, मैत्रिणीचा रकाना नसतो.

काही वर्षांनी तिचं लग्न ठरलं आणि तिने मला ब्राइड्समेड म्हणून बोलावलं. मी समजले, आपली करवली. ते थोडं बरोबर होतं आणि बरंचसं नव्हतं.

आपल्याकडे करवली म्हणजे करा-दिवा घेऊन नवरीच्या मागे उभी राहणारी बहीण. सख्खी नसेल तर चुलत, मावस, आते, पण रक्ताचीच. तिचा मान, तिची साडी, आणि साडी मनासारखी नसेल तर तिचा रुसवा. मैत्रिणी मेंदी काढतात, अक्षता वाटतात. त्यांना मानपानात जागा नाही.

मिझो रीत वेगळी आहे. तिथे मुलाकडून मुलीकडे वधूमूल्य जातं. मुख्य भाग माहेरच्या घराला, आणि शिवाय छोटे छोटे ठरलेले वाटे: मामाचा, आत्याचा, लहानपणी पाठीवर घेऊन फिरवणाऱ्या थोरल्या बहिणीचा. त्याच ओळीत एक वाटा नवरीच्या मैत्रिणीचा. त्याला थियन-मान म्हणतात. थियन म्हणजे मैत्रीण, मान म्हणजे किंमत. (आपल्या 'मान'शी त्या शब्दाचं काही नातं नाही, पण मला तो योगायोग आवडतो.) मुलीची किंमत हा प्रकार मला खुपतो, तिथल्या शिकलेल्या मुलींनाही त्यावर बोलताना मी ऐकलं आहे. पण त्यातली एक गोष्ट मात्र मला पटली. नवरीच्या दोषाने लग्न मोडलं तर घेतलेलं मूल्य परत करायची रीत आहे. म्हणजे वाटा घेणारा नुसता मानकरी नाही, त्या लग्नाशी बांधला गेलेला माणूस आहे. मैत्रीणसुद्धा.

माझ्या वाट्याची रक्कम एका साध्या जेवणाचं बिल भागेल एवढी होती. काम मात्र लगेच आलं.

आमचे चार-पाच कोर्समेट खास रजा काढून आले होते. चर्चच्या पायऱ्यांवर तलवारींची कमान करायची, असा त्यांचा बेत होता. माजी सैनिक वाचकांना ही कमान सांगायला नको. समोरासमोर उभे वर्दीतले अधिकारी, वर तलवारींची टोकं भिडलेली, खालून नवरा-नवरी, आणि शेवटच्या जोडीने वाट अडवून केलेली चेष्टा. छावणीत याहून देखणं दृश्य नसतं.

पण हे ऐझॉल होतं. मार्च १९६६ मध्ये या शहरावर आपल्याच वायुदलाची विमानं आली होती. १९६७ पासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला लष्कराच्या पहाऱ्यात वसवली गेली, मागे राहिलेली घरं जाळली गेली. ३० जून १९८६ ला करार झाला आणि तो टिकला. आपल्या देशातल्या यशस्वी शांतता करारांत त्याचं नाव घेतात, ते योग्यच आहे. पण नवरीची आजी त्या उठवलेल्या गावांपैकी एका गावातली होती. वर्दीतली माणसं रांगेत उभी राहिली की काय होतं, याची तिची आठवण आमच्यापेक्षा वेगळी होती.

आजीने नाही म्हटलं नाही. नवरीही काही बोलली नाही. ती दोन्हीकडची होती, ती काय बोलणार? आई-वडील पाहुण्यांपुढे संकोचले. मग ते सांगायचं काम उरलं ते माझ्याकडे. मी मुलांना म्हटलं, तलवारी पेटीत राहू द्या, सूट घाला. एकजण चिडला. "वर्दीची लाज वाटते का?" मी त्याला एवढंच विचारलं, की पासिंग आउटला हिच्या खांद्यावर तारा कोणी लावला होता ते आठवतं का. आजीनेच लावला होता. ऐझॉलहून चेन्नईपर्यंत येऊन. तिने तिच्या बाजूने जेवढं चालायचं तेवढं चालून झालं होतं. आता एका दिवसापुरतं आम्ही चालायचं होतं.

मी स्वतः पुआन नेसले, बाकीच्या मुलींसारखंच. कमरेला घट्ट गुंडाळायचं ते वस्त्र साडी नेसणारीला सोपं वाटतं आणि पायऱ्या चढताना कळतं की नाही. चर्चमध्ये गाणं असं उठलं की आमच्या बँडवाल्यांनी ऐकायला हवं होतं. संध्याकाळी आजीने चिडलेल्या त्या कोर्समेटला शेजारी बसवून चहा पाजला. काय बोलले ते मला माहीत नाही, त्यांची भाषा एक नव्हती.

म्हणून नव्या अधिकाऱ्यांना मी सांगते: कोर्समेटच्या लग्नाला जा, पण युनिटचे प्रतिनिधी म्हणून जाऊ नका. तलवार न्यायची की नाही ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघून ठरवा. आणि सही करणाऱ्यांनी "सख्खं कोण?" विचारणं बंद करावं. सख्ख्यांना जे बोलता येत नाही ते बोलायला कुणीतरी तिथे पोचावं लागतं.

येत्या वैशाखात माझ्या भाचीचं लग्न आहे. तिला मागे करा-दिवा घेऊन तिची हॉस्टेलमधली मैत्रीण हवी आहे, लातूरकडची. आत्याबाई फुरंगटल्या आहेत, कारण त्यांच्या धाकटीचा मान जातो. त्यांना समजवायचं काम भाचीने माझ्यावर सोपवलं आहे. मी दोन दिवसांची सीएल टाकली आहे, आणि आत्याबाईंसाठी एक चांगली इरकल बघते आहे.