वाळूची चोरी आणि नदीकांठचा खातेदार

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून येलदरी व सिद्धेश्वर येथील धरणांवरून पुढें येते आणि पूर्णा तालुक्यांत गोदावरीस मिळते. या दोन्ही पात्रांतून वाळूचा जो चोरटा व्यापार चालतो, त्याकडे सरकारी महसुलाची बाब म्हणून पाहण्याची आपणांस संवय जडली आहे. आमच्या मतें ती प्रथम शेतीची बाब होय.

वाळूचा थर म्हणजे पाण्याची कोठीच. पावसाळ्यांत तो भिजतो आणि पुढें कित्येक महिने कांठच्या विहिरींस झरा पुरवितो. तो उपसून खालची माती उघडी पडली, कीं पाणी न थांबतां वाहून जातें, कांठ ढासळतात, आणि चैत्रापर्यंत भुईमूग भिजविणारी विहीर माघांतच तळ दाखविते.

परंतु गांवाच्या रहाटींत झालेला बदल याहून गंभीर आहे. रात्रीं तराफे फिरतात. ट्रॅक्टर व टिप्पर उजाडण्यापूर्वीं निघून जातात. पाण्यांत उतरून वाळू काढणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो. त्यास शेतांतील रोजापेक्षां चार पैसे अधिक मिळतात हें खरें. पण उचल घेतलेली असली म्हणजे काम सोडण्याची मोकळीक राहत नाहीं, आणि तो बुडून मेला तर आपल्या कामावर होता असें म्हणणारा धनीहि सांपडत नाहीं. शाळा सुटलेलीं पोरें फांट्यावर मोबाईल घेऊन तहसिलाच्या गाडीची खबर देण्यास बसतात. आडव्या आलेल्या तलाठ्याच्या अंगावर वाहन घालण्यापर्यंत मजल गेल्याचीं उदाहरणें महाराष्ट्रांत घडलीं आहेत. मग सामान्य माणूस तक्रार करीत नाहीं, यांत नवल तें काय?

कायद्याची उणीव नाहीं. १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यांत २०१५ सालीं वाळूतस्करांचा समावेश झाला. २०२३ सालीं सरकारनें डेपोंतून ६०० रुपये ब्रासनें वाळू विकण्याचें धोरण आणलें. २०२५ सालीं तें सोडून पुन्हां लिलाव स्वीकारला. पण ट्रॅक्टर कांहीं आकाशांतून पात्रांत उतरत नाहीं. तो कोणाच्या तरी शेतांतून उतरतो. ती वाट कोठें धाकानें, पण पुष्कळदां खेपेमागें रक्कम ठरवून राजीखुशीनें, आपल्यासारख्या खातेदारानेंच दिलेली असते. माडी बांधतांना पावतीवांचून वाळू घेणाराहि तोच. भाव चढल्यामुळें घर जोत्यावर अडतें तें मात्र त्याच्या सालगड्याचें!

एकट्यानें वाट बंद करणें सोपें नव्हे, हें आम्ही जाणतों. कडब्याची गंजी पेटेल, पंपाची केबल तुटेल, ही भीति पोकळ नाहीं. म्हणून शिवारांतील सर्व कांठकऱ्यांनीं एकाच दिवशीं चर खणून नदीकडील गाडीवाटा बंद कराव्यात. पात्र उघडें पडण्यापूर्वीं, म्हणजे दसऱ्याच्या आंत, हें व्हावें. ग्रामसभेंत ठराव करून त्याची प्रत तहसिलदारांकडे व पोलिस ठाण्यांत द्यावी. आणि घरकुलाच्या लाभार्थ्यास ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची जी तरतूद आहे, तिची गांवच्या नांवांसह मागणी त्याच ठरावांत जोडावी.