फ्योर्डमधली डेडलाईन

गेले तीन वीकेंड लिहीन लिहीन म्हणतेय आणि दर वेळी काहीतरी आडवं येतंय. कधी रिलीज, कधी पाहुणे, कधी नुसता आळस. आज शनिवार, बाहेर पाऊस, चहा समोर. तर बसलेच.

२०२५ च्या जुलैमध्ये आईला घेऊन नॉर्वेत बोटीनं फिरले. ऑस्लोच्या क्लायंटकडे सहा महिने ऑनसाईट होते, तेव्हा आईला बोलावून घेतलं. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, त्यामुळे डोंगर चढायचा प्रश्नच नव्हता. शेवटी शंभरेक प्रवाशांची एक छोटी बोट सापडली: बर्गनहून निघायचं, सोग्नेफ्योर्ड, गायरांगर, ओलेसुंड करून सात दिवसांनी परत बर्गन. पैसे किती गेले ते विचारू नका. आईलाही अजून खरा आकडा सांगितलेला नाही. :)

हे प्रवासवर्णन नाही. ती ढिगानं आहेत. पण थोडं सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

फ्योर्ड म्हणजे आपली खाडी नव्हे. कोकणातली खाडी म्हणजे नदीच्या तोंडात शिरलेला समुद्र. इथे हिमनद्यांनी हजारो वर्षं खडक खरवडून काढला, बर्फ गेल्यावर त्या घळीत समुद्र शिरला. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि सर्वात खोल ठिकाणी १३०० मीटर. गंमत म्हणजे तोंडाशी तो बराच उथळ आहे, कारण बर्फाचा जोर तिथे संपत आला होता. त्याचाच एक फाटा नेरॉयफ्योर्ड, सर्वात अरुंद जागी जेमतेम २५० मीटर. दोन्ही बाजूंनी सरळ उभे कडे आणि मधून आपली बोट. आई अर्धा तास काही बोलली नाही. आमच्या घरात ही नोंद करण्यासारखी घटना आहे.

गायरांगरला गावापुढे पाण्यातच नांगर टाकला आणि लहान होडीतून किनाऱ्यावर न्यायला लागले. आई एकदम खूश. "अगं, हा तर पडाव!" तिनं लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीपर्यंत बोटीचा प्रवास केलेला. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतरावं लागायचं. बोट लागून ओकाऱ्या झालेल्या, तरी ती आठवण तिला अजून गोड वाटते. इथे मात्र बोट लागली नाही, कारण फ्योर्डचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं शांत.

आणि तिथेच ते दिसलं. शेजारी तीनेक हजार माणसं मावतील अशी एक अजस्र बोट उभी होती. गावात कायमची वस्ती दोनशे-अडीचशे माणसांची. म्हणजे एका बोटीतून गावाच्या दहापट लोक उतरणार, आईस्क्रीम खाणार, फोटो काढणार आणि संध्याकाळी जाणार. वर डोंगराच्या कमरेला निळसर धुराचा पट्टा. हवा पडलेली असली की दोन कड्यांच्या मध्ये धूर कोंडून राहतो, चुलीचं धुराडं बंद असलेल्या स्वयंपाकघरासारखा.

मी मनात म्हटलं, बरं झालं आपण छोट्या बोटीनं आलो. आपण शहाणे, ते पर्यटक. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लाज वाटणार आहे.)

रात्री बोटीवरच्या गाईडनं सांगितलं की या बोटीचा गायरांगरमधला हा शेवटचा उन्हाळा. मला वाटलं बोट म्हातारी झाली असेल. तसं नव्हतं. गायरांगर आणि नेरॉयफ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. २०१८ मध्ये नॉर्वेच्या संसदेनं ठरवलं की या वारसा फ्योर्डमध्ये २०२६ पर्यंत पर्यटक बोटी आणि फेरी शून्य उत्सर्जनाच्या हव्यात. मुदत जवळ आली आणि नियमाचे दोन तुकडे झाले: १०,००० ग्रॉस टनेजच्या आतल्या प्रवासी बोटींना १ जानेवारी २०२६ पासून, त्याहून मोठ्यांना थेट २०३२ पासून. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नाही, बोटीच्या आतल्या जागेचं माप.)

म्हणजे आमच्या डिझेलवरच्या शंभर माणसांच्या बोटीला बंदी आणि शेजारच्या महाकाय बोटीला आणखी सहा वर्षं मोकळीक! मी तावातावानं आईला म्हटलं, "बघ, सगळीकडे हेच. गरिबाच्या टपरीवर हातोडा आणि टॉवरला अभय."

आई म्हणाली, "आपली बोट धूर सोडत नाही का?"

सोडते की. गप्प बसले.

नंतर नीट विचार केला तेव्हा माझंच लॉजिक गंडलेलं दिसलं. छोटी बोट म्हणजे आपोआप स्वच्छ बोट, हे मी धरूनच चालले होते. पण छोट्या बोटीलाही इंजिन लागतं, जनरेटर लागतो, गरम पाणी, स्वयंपाकघर सगळं लागतं, आणि ते शंभर माणसांतच वाटलं जातं. माणशी हिशोब काढला तर आम्ही शेजारच्या बोटीपेक्षा पुण्यवान असू याची काही खात्री नाही. त्यात आई मुंबईहून विमानानं आलेली. गावावर गर्दी आम्ही कमी केली, हे खरं. पण धूर आणि गर्दी हे दोन वेगळे बग आहेत. एकाचा फिक्स दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग छोट्यांपासून सुरुवात केली हे बरोबर का? इंजिनियर म्हणून माझं उत्तर: हो. कुठलंही मोठं मायग्रेशन आपण छोट्या मॉड्यूलपासूनच करतो. आणि इथे ते जमतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१५ मध्ये सोग्नेफ्योर्डमध्ये 'आंपेर' ही गाड्या नेणारी पूर्ण बॅटरीवरची फेरी सुरू झाली. २०१८ पासून नेरॉयफ्योर्डमध्ये 'फ्युचर ऑफ द फ्योर्ड्स' ही विजेवरची पर्यटक बोट चालते, एका वेळी चारशे माणसं घेऊन. देशाची बहुतेक वीज धबधब्यांची, म्हणजे चार्जिंगही स्वच्छ.

माझं भांडण आहे ते २०३२ शी. मोठ्या बोटींसाठी तंत्रज्ञान अजून तयार नाही, हे त्यामागचं कारण. एक लाख टनेजच्या तरंगत्या शहरासाठी ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण २०२२ मध्ये 'हाविला कॅस्टर' ही किनारी मार्गावरची बोट गायरांगरफ्योर्डमध्ये फक्त बॅटरीवर जाऊन आली. ती १०,००० टनेजच्या बरीच वरची आहे, ६४० प्रवाशांची. म्हणजे "मोठी" या एका डब्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. ज्यांना आज जमतं त्यांनाही मुदतवाढ मिळाली. मधे आणखी एक पायरी ठेवता आली नसती का?

आणि मुदतवाढीचं काय होतं ते आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. "पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ" म्हटलेली कामं कुठे जातात? जो वेळेवर संपवतो त्याला वेड्यात काढतात आणि जो रखडवतो त्याला तारीख वाढवून मिळते. ज्या कंपन्यांनी २०१८ चा शब्द खरा मानून बॅटरीवर पैसे घातले, त्यांना या वाढीनं काय सांगितलं? थांबला असतात तरी चाललं असतं, असंच ना?

दुसरी बाजूही आहे, तीही मांडते. सरसकट बोटीच बंद करा म्हणणारे आहेत. त्यांना मी आईचे गुडघे दाखवीन. ज्याला चढता येत नाही त्यालाही तो कडा खालून बघायचा हक्क आहे. गायरांगरच्या दुकानदारांचा सारा धंदा उन्हाळ्याचा, बोटी थांबल्या तर त्यांनी हिवाळ्यात खायचं काय? म्हणून मला बंदी नकोय. मला हवीय ती न हलणारी तारीख आणि गर्दीसाठी वेगळा, स्पष्ट नियम. व्हेनिसनं २०२१ मध्ये २५,००० टनेजच्या वरच्या बोटी जुदेक्का कालव्यातून बंद केल्या. शहर त्यामुळे बुडालं नाही. (पाण्यानं बुडतंय ते वेगळं.)

असो. शेवटच्या दिवशी बर्गनला ब्रिगेनच्या लाकडी घरांपुढे बसलो होतो. १३६० च्या सुमारास जर्मन हान्सा व्यापाऱ्यांनी इथे आपली पेढी थाटली, वाळवलेल्या कॉड माशांच्या व्यापारासाठी. १७०२ मध्ये सगळं जळलं आणि लोकांनी पुन्हा तसंच बांधलं. आई म्हणाली, "म्हणजे सुकटीवर शहर उभं राहिलं म्हण की." रत्नागिरीच्या बाईला हे पटकन कळतं.

मग तिनं विचारलं, "तू परत आलीस इथे, तर ती बोट असेल का गं?"

म्हटलं, आपली डिझेलची गायरांगरला येणार नाही. विजेची येईल.

"मग विजेच्या बोटीनं ये. घाई काय आहे?"

तिच्यासाठी हा विषय तिथे संपला. माझ्यासाठी नाही. पुन्हा गायरांगरला गेले तर विजेच्या बोटीनंच जाणार, तिकीट महाग पडलं तरी, आणि तोवर पैसे साठवणार. आमच्या बोटीवर दार बंद झालं याचं आता वाईट वाटत नाही. २०३२ मध्ये ते शेजारच्या बोटीवरही खरंच बंद होतं का, एवढंच बघायचंय.